कुमुदच्या घरातला सतरा नंबर

आमच्या शिक्षक लेआउटमध्ये कुमुद वानखडेच्या घरात बावीस माणसं राहतात, असं तिच्या भिंतीवरच्या चकत्यांचं म्हणणं होतं. प्रत्यक्षात राहायची एकटी कुमुद.

कुमुद म्हणजे मुलींच्या शाळेतली पीटीची बाई. रिटायर होऊन तेरा वर्षं झाली, तरी चालणं असं की मागून बघणाऱ्याला वाटावं, ही पंधरा ऑगस्टच्या परेडला निघाली. मी तिच्याहून तीन वर्षांनी मोठी, समोरच्याच घरात राहते. चौऱ्याहत्तर पूर्ण झाली तरी सगळा लेआउट मला बेबीताई म्हणतो. बारशातलं नाव आता फक्त मतदार यादीला माहीत.

मागच्या उन्हाळ्यात कुमुद अंगणात घसरली. लागलं काही नाही, पण घसरली ती नेमकी मुलाशी व्हिडिओवर बोलता बोलता. निनाद बेंगलोरला, बाराव्या मजल्यावर. त्यानं तिथूनच आभाळ पाहिलं, मग अंगणातल्या पेरूचा शेंडा पाहिला, मग आईचे पाय.

"आता पुरे, आई. घर विकू. तू इकडं ये."

"आणि मोगरा कुठं लावू? लिफ्टमध्ये?"

महिनाभर भांडले दोघं. शेवटी तह झाला. घरात यंत्र बसवायचं आणि दिवाळीपर्यंत बघायचं. यंत्राला काही खटकलं नाही तर कुमुद अमरावतीत. खटकलं तर बेंगलोर. अपील नाही.

यंत्र बसवायला मेश्राम आडनावाची एक चुणचुणीत पोरगी आली. लाडवाएवढ्या पांढऱ्या चकत्या तिनं खोलीखोलीत छताजवळ चिकटवल्या. दोन फाटकावर, एक मागच्या दारावर.

"कॅमेरा आहे का वो यात?" कुमुदनं आधी तेच विचारलं. बाथरूमच्या दाराकडं बघत विचारलं.

"नाही ना, काकू. हिला डोळाच नाही." मेश्राम शिडीवरूनच सांगायला लागली. "रस्त्यावरून ट्रक हॉर्न वाजवत जातो ना? जवळ येताना आवाज चिरका वाटतो, पुढं गेला की जाड होतो. तसंच आहे हे. ही चकती न दिसणाऱ्या लहरी सोडते. त्या तुमच्या अंगावर आपटून परत येतात. पाय पुढं आला की लहर जरा दाटते, मागं गेला की सैल होते. गुडघ्याची वेगळी, हाताची वेगळी, कमरेची वेगळी. सगळ्यांची मिळून एक नक्षी बनते. दोन माणसांची सही सहसा सारखी नसते, तशी चालही नसते."

"आणि बसून राहिलं तर?"

"तर श्वास. छाती वरखाली होते तेवढंही पुरतं हिला."

नाव-चेहरा ती ठेवतच नाही म्हणे. फक्त नंबर. मालकिणीचा नंबर एक. त्यासाठी कुमुदला हॉलमधून दहा वेळा चालवलं. कुमुद अशी चालली, छाती पुढं, हात सरळ, की मला वाटलं आता मेश्राम शिडीवरून सलाम ठोकते.

पुढचे पंधरा दिवस यंत्राच्या शिकण्याचे. या दिवसांत जो घरात वारंवार वावरेल तो घरचा. घरच्याला दार आपोआप उघडतं, खोलीत दिवा लागतो. परका माणूस फाटकापाशी दोन हातांवर येऊन घुटमळला तर भोंगा, आणि निनादच्या फोनवर निरोप.

"फक्त एक करा, काकू," मेश्राम जाताना म्हणाली. "या पंधरा दिवसांत घरात नेहमीचीच माणसं असू द्या."

तिला बिचारीला काय माहीत, निनादला सुटी मिळाली होती ती महालक्ष्म्यांची! आता वानखड्यांकडच्या महालक्ष्म्या म्हणजे काय सांगू. सोळा भाज्या, आंबील, पुरणाचे डोंगर, आणि अकोला, वर्धा, यवतमाळहून झाडून सगळे. मुक्कामाला कुमुद-निनाद धरून वीस माणसं, मी वेगळी. दारापासून देवघरापर्यंत आणि तिथून कोठीपर्यंत हळदीकुंकवाची पावलं काढली. भावकीतल्या दोघी सुनांनी मुखवटे हातात धरून एकेका पावलावर पाय ठेवत सगळं घर दाखवलं. "कोण आलं?" "महालक्ष्मी आली!" "कशाच्या पावलानं?" "सोन्याच्या पावलानं!" वरून चकत्या मुकाट्यानं मोजत होत्या. त्या गर्दीत मला नऊ नंबर मिळाला. यंत्रानं सगळे मिळून बावीस नंबर लिहिले. घरात माणसं किती, हे मोजायला कुणाला सवड होती?

तिसऱ्या दिवशी विसर्जन झालं. पाहुणे गेले, निनाद गेला, घर मोकळं झालं.

सोमवारी सकाळी मी चहाला कुमुदकडं गेले. माझ्या चपलेचा अंगठा महिनाभर तुटायला आला होता, त्यामुळं पाय जरा घासत टाकत होते, म्हणून पायरीवरच टेकले. तेवढ्यात निनादचा फोन आला.

"आई, घरी कोण आहे?"

"मी आणि बेबीताई."

"त्या नऊ. त्या दिसतात. तू एक, तूही दिसतेस. पण सकाळी सहापासून घरात सतरा नंबर फिरत होता. स्वयंपाकघर, कोठी, देवघर. काल दिवसभरही होता. आई, पाहुण्यांपैकी कुणीतरी गेलेलंच नाही."

कुमुदनं बशी खाली ठेवून कोठीकडं पाहिलं.

"आणि अजून एक," निनाद म्हणाला. "तू कुणाशी बोलत बसलीस की तो नसतो. घर शांत झालं की निघतो. तो तुझ्या झोपण्याची, बाहेर जाण्याची वाट बघतो."

आम्ही दोघींनी घर धुंडाळलं. माझ्या हातात लाटणं, कुमुदच्या तोंडात शाळेतली शिट्टी. पलंगाखाली पाहिलं, माळ्यावर पाहिलं, कोठीतल्या गव्हाच्या पिंपांची झाकणं उघडून पाहिलं. एक पाल सापडली. ती काही सतरा नंबर नव्हती.

मग एकेका पाहुण्याला फोन. "सहज केला हो. पोचलात ना? घरीच आहात ना? व्हिडिओ लावता का जरा?" माझा संशय पहिल्यापासून भास्कररावांवर. ते कुमुदचे चुलतदीर. दरवर्षी जेवण झालं की मागच्या अंगणात शतपावली करतात आणि दरवर्षी म्हणतात, "प्लॉट मोठा आहे हो, वहिनी." आता अंगणात शतपावली करावी की मोजणी?

भास्करराव व्हिडिओवर आले ते अर्ध्या तोंडाला फेस लावून. "वर्ध्यातच आहो ना, वहिनी. दाढी करून राहिलो. काहून?"

झालं. सगळेच्या सगळे आपापल्या घरी. आणि इकडं निनादच्या फोनवर रोज सकाळी सतरा नंबर.

आठवडाभरात कुमुदचा चेहरा उतरला. पोलिसांत जावं तर सांगायचं काय? चोरीला काही गेलेलं नाही, कुणी दिसलेलं नाही. संशयाचं एक असतं, त्याला बाहेर कुणी मिळालं नाही की तो घरातल्यांना चावतो. एक दिवस ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "बेबीताई, जास्तीची चावी तुमच्याकडंच असते ना?"

"असते. तीस वर्षांपासून असते. झडती घ्यायची आहे का माझी?"

"तसं नाही म्हटलं मी."

"तसंच म्हटलंस."

मला राग आला. आणि राग आला की माझ्या जिभेला हाड राहत नाही. मी म्हटलं, "माझ्या चावीचं काय घेऊन बसलीस? यंत्र कुणाचं? निनादचं. फोन कुणाचा? निनादचा. सतरा नंबर तुला दिसला का कधी? मला दिसला? घर विकायचं कुणाला आहे?"

ती चहाच्या बश्या उचलायला लागली. पण बी पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर तिचा आवाज माझ्या अंगणापर्यंत आला. "मला घाबरवून घराबाहेर काढतोस? हे नंबर तूच पाठवतोस ना? बापाचं घर आहे म्हणून?" मग कुमुद बाहेर येऊन तुळशीपाशी उभी राहिली, ताठ.

"रविवारी येतो म्हणाला. मला न्यायला. म्हणाला, तुला असं वाटायला लागलं असेल तर तू एकटी राहायलाच नको."

आता हे माझ्या अंगावर आलं. तिचं घर माझ्या जिभेनं जात होतं. काहीतरी करायला हवं होतं, आणि मला एकच गोष्ट नीट करता येते.

मी बुधवारी भाजीच्या गाडीवर सांगितलं, "चोर नाही गं, बायांनो. थोरली महालक्ष्मी, ज्येष्ठा राहिली आहे." विसर्जनाच्या दिवशी भास्कररावांच्या बायकोला बस गाठायची घाई होती. अक्षता टाकल्या त्या धाकट्या मुखवट्यावर, मोठीवर पडल्याच नाहीत. मुखवटा हलवलाच नाही. मग ती जाईल कशी? फिरते घरभर. कोठीत जाते, देवघरात जाते. चोर कधी देवघरात थांबतो का?

यातल्या अक्षता खऱ्या होत्या की नव्हत्या, ते मलाही आता आठवत नाही. पण दुपारपर्यंत लेआउटच्या अकरा बायका ओट्या घेऊन कुमुदच्या दारात. नारळ, खण, तांदूळ. भोंगा इतका वाजला की समोरच्या शिंप्याचं दुकान बंद झालं. कुमुद सगळ्यांच्या पुढं ताठ उभी, हसून हळदीकुंकू लावत होती. गर्दी तीन तास होती. तेवढ्या वेळात सतरा नंबर एकदाही दिसला नाही.

"बघा," बायका म्हणाल्या. "लाजते बिचारी."

मला मात्र तिथंच काहीतरी टोचलं. भांडणानंतर निनादनं यंत्राचे निरोप तिच्याही फोनवर यायला लावले होते. बायका गेल्या तशी पाच मिनिटांत कुमुदच्या फोनवर टिंग झालं. सतरा नंबर, कोठी. आणि कुमुदनं तो फोन पटकन पालथा ठेवला. माझ्यापासून लपवला! माझ्या मनात आलं, हिला माहीत आहे. हिनं कुणाला तरी घरात ठेवलंय.

शुक्रवारी दुपारी मी काय केलं ते सांगते. चांगलं नव्हतं ते. कुमुद मागं वाळवण काढायला गेली तेव्हा मी तिच्या देवघरापासून कोठीपर्यंतच्या बोळात तांदळाची पिठी भुरभुरली. पातळ, साईसारखी. जिथून महालक्ष्म्यांची पावलं काढली होती, नेमकी तिथूनच. यंत्राला नक्षी कळते ना? मला पाऊल कळतं. मग मोठ्यानं म्हटलं, "येते गं कुमुद!" फाटक आपटलं, आणि पेरूच्या आडून फिरून कोठीच्या खिडकीला डोळा लावला.

कुमुद आत आली. फाटकाकडं बघून मी गेल्याची खात्री केली.

आणि मग तिनं खांदे सोडले.

एखादा सदरा खुंटीवरून पडावा तसे ते खाली आले. पाठ वाकली. उजवा हात भिंतीवर गेला. उजवा पाय टाकला, मग डावा नुसता ओढला. पाय टाकला, ओढला. ओठ घट्ट दाबलेले. बोळातला दिवा तिच्या डोक्यावर आपोआप लागला आणि तिच्या कमरेला खोचलेला फोन वाजला. टिंग.

पिठीत एक पाऊल, एक रेघ. एक पाऊल, एक रेघ.

मी खिडकीतूनच म्हटलं, "कुमुद."

ती झटक्यात ताठ झाली. अजूनही! तोंड पांढरं पडलं, कळ डोक्यात गेली असणार, पण टाचा जुळल्या.

मी आत गेले. तिच्यासमोर स्टूल ठेवलं आणि म्हटलं, "विश्राम."

तेव्हा ती बसली.

"किती दिवसांपासून?"

"दोन वर्षं. खुबा गेलाय डावा."

"आणि सतरा नंबर?"

"बायका आल्या त्या दिवशी कळलं. गर्दीत मी एक नंबर, आणि सगळे गेल्याबरोबर..." ती पिठीकडं बघत होती. "महालक्ष्म्यांतही पहाटे कुणी उठायच्या आत मी अशीच चालत होते. यंत्राला वाटलं, वेगळीच कुणी बाई आहे. खोटं नाही वाटलं त्याला, बेबीताई. आहेच वेगळी."

"मला का नाही सांगितलंस? माझ्यासमोरही परेड? तीस वर्षं एका चुलीचा चहा पितो आपण!"

"तुम्ही सगळ्या लेआउटला सांगितलं असतं."

मी पिठी झाडायला घेतली.

"झाडू नका," ती म्हणाली. "म्हणजे, मला काय करायचं ते ठरवू द्या. रविवारी तो आला की मी दिवसभर एक नंबर राहू शकते. एक दिवस जमतं मला. सतरा नंबर तेवढ्यात दिसला नाही तर म्हणेल, यंत्रातच बिघाड होता. गोळी घेतली की दोन दिवसही जमेल."

"आणि तू त्याच्यावर आळ घेतलास ते?"

तिनं कमरेचा फोन काढला आणि मांडीवर पालथा ठेवला.

रविवारी अकराला निनादची गाडी फाटकाशी लागली. मी पोहे करायला आले होते. खरं म्हणजे बघायला आले होते. कुमुद हॉलच्या त्या टोकाला खुर्चीत. सकाळी तिनं गोळी घेतली की नाही, ते मला दिसलं नव्हतं.

निनाद आत आला. बॅग ठेवली, आईकडं पाहिलं, पण पाया पडायला वाकला नाही. त्या फोनचा घाव अजून ओला होता. "तयारी झाली?" एवढंच म्हणाला.

कुमुद उठली. पहिलं पाऊल टाकलं आणि मला कळलं, गोळी नाही घेतली. तिनं भिंत धरली. सगळ्या हॉलमधून, माझ्यासमोरून, मुलाकडं बघत ती डावा पाय ओढत आली.

निनादच्या हातातला फोन थरथरला. त्यानं वाचलं आणि त्याचा आवाजच बदलला. "सतरा नंबर. माझ्यापासून तीन फुटांवर." तो गर्रकन मागं वळला. दाराआड पाहिलं, सोफ्यामागं वाकला.

"मागं काय बघतोस?" कुमुद म्हणाली. "समोर बघ. हा तुझा चोर."

त्याला कळायला वेळ लागला. माझे पोहे खाली लागले तेवढा. मग तो तिच्या पायांपाशी खाली बसला आणि दोन्ही हातांनी तिचा डावा पाय धरला. आता ते पाया पडणं होतं की काय, मी विचारलं नाही.

"दोन वर्षं, आई?"

"तू घर विकशील म्हणून."

"तू पडशील म्हणून विकत होतो मी! आणि पडत नाही हे दाखवायला तू..."

"मी तुला नको ते बोलले," कुमुद म्हणाली. "तुझ्यावर संशय घेतला."

मी पोह्यांची बशी त्याच्या हातात दिली आणि त्याच्याकडं न बघता खोबरं आणायला आत गेले. संशयाचं बी कुणाचं होतं, ते सांगण्यापासून त्या दिवशी खोबऱ्यानं मला वाचवलं.

संध्याकाळपर्यंत नवा तह झाला. नागपूरला खुब्याचं ऑपरेशन. ते नीट झालं आणि कुमुद काठी घेऊन का होईना, न लपवता चालली, तर घर राहील. निनाद यंत्रातले एक आणि सतरा हे दोन नंबर जोडून टाकायला निघाला होता. कुमुदनं हात धरला.

"राहू दे. दोघीही मीच आहे, पण एक नाही."

ऑपरेशन झालं त्याला आज चार दिवस. निनाद तिच्यापाशी दवाखान्यात आहे. तुळशीला आणि मोगऱ्याला पाणी घालायचं काम माझ्याकडं, चावी माझ्याकडं. यंत्र मला ओळखतं. नऊ नंबरची चाल आली की दार उघडतं.

आज सकाळी मी आत गेले. घरात कुणी नाही. एक बादली भरून बोळातून निघाले. नवीन चपला घेतल्या आहेत हो मी, अंगठा चांगला घट्ट आहे. पण बादली जड, दिवसही जरा थंडीचे. आणि कुणी बघत नव्हतं. भिंतीला हात लावला, एवढंच.

दिवा लागला. मिनिटभरात कुमुदचा फोन.

"बेबीताई, मी इथं पलंगावर पडलेली आहे. कुशीवर वळायलाही बंदी आहे मला. निनादच्या फोनवर आत्ता निरोप आला." ती थांबली. "सतरा नंबर घरात आहे म्हणे. कोठीपाशी. नऊ नंबर दिसतच नाही. घरात कोण आहे?"

मी खाली पाहिलं. बादलीतलं पाणी हिंदकळून सांडलं होतं, आणि ओल्या फरशीवर एक पाऊल होतं, एक रेघ होती. एक पाऊल, एक रेघ. मी झटक्यात ताठ झाले. कुणासाठी, देव जाणे.

"बेबीताई?"

"ज्येष्ठा," मी म्हटलं. "राहिली आहे ना ती. सांगितलं नव्हतं का मी?"

तिकडून दवाखान्यातल्या स्ट्रेचरची चाकं तेवढी खडखडत गेली. मग कुमुदचा आवाज आला, तिच्या शाळेच्या मैदानावरचा, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा.

"मग ज्येष्ठेला सांगा, बादली खाली ठेव म्हणावं. आणि विश्राम."

मी बादली खाली ठेवली.